लॉटी स्कोरुपाची डावी बाजू

लॉटी स्कोरुपाने अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातला चेंडू शेवटचा कधी पाहिला, ते तिलाही आठवत नाही. सामना मात्र ती एकही चुकवत नाही. पोर्ट एल्डन गावच्या स्टर्जन्स टीमचा खेळ असला की रविवारी तिच्या टीव्हीचा आवाज रस्त्यापलीकडे जातो, सरोवरावरून कितीही वारा सुटलेला असो. पण टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू पार पलीकडच्या टोकाला पोचून गुण मिळाले, मैदानातली माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली, की लॉटी समोर राहणाऱ्या अपोलोनियाला फोन करून विचारते, "काय झालं गं? आपला की त्यांचा?" कारण तिचे डोळे चेंडूवर नसतातच. ते असतात त्या पाच जाड्यांवर.

हे वळण तिला लावलं तिच्या नवऱ्याने. काझिक स्कोरुपा धान्याच्या कोठारात पोती ओढायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्याला त्याने तिला बजावलं होतं, "चेंडूकडे काय, कुणीही बघतं. तू फळीकडे बघ." फळी म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे खांद्याला खांदा लावून उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. समोरून तसलेच दांडगे धावून येतात, त्यांना अडवायचं, बस्स, एवढंच काम. चेंडूला हात लावायचा नाही, पळायचं नाही, फोटोत यायचं नाही. वर्षभर नीट अडवलं तर कुणी नावही घेत नाही, आणि एकदा माणूस निसटला की गावभर बोभाटा. काझिकला यात फार थोर काहीतरी दिसायचं. लॉटीला आधी नुसत्या पाठी दिसायच्या. मग हळूहळू तिलाही दिसायला लागलं, आणि काझिक गेल्यावर तर तिला दुसरं काही दिसेनासंच झालं.

यंदा या फळीची पार चाळण झाली होती. क्वार्टरबॅक इतक्यांदा आडवा व्हायचा की मैदानातलं गवत त्याला नावाने ओळखायला लागलं असणार. पहिल्याचा खांदा गेला, दुसऱ्याची बरगडी गेली, तिसरा शहाणा निघाला आणि कुणी हात लावायच्या आत कंबर धरून खाली बसला. न्हाव्याकडे जा, दवाखान्यात जा, कुणाच्या मयताला जा, विषय एकच: फळीत खोट कुणाची?

लॉटीचं उत्तर तयार होतं. विली! विलिआमी टाउफा, फळीत डावीकडून दुसरा, यंदाच दुसऱ्या टीममधून आलेला. डावीकडून पहिला, म्हणजे अगदी टोकाचा, तो डोनोव्हन क्रेब. क्रेब म्हणजे लॉटीचा जीव की प्राण. तो या गावाच्या टीममध्ये म्हातारा झाला होता, म्हणजे पस्तिशीला आला होता, आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. "क्रेब आहे तोवर टोक पक्कं आहे," लॉटी सांगायची. "हा बाहेरून आलेला विली. आपला माणूस सोडतो आणि भलतीकडेच हात घालतो. याला घरी पाठवा!" नुसतं सांगून ती थांबली नाही. तिने एक जुनी पांढरी चादर काढली, लाल रंगाने तिच्यावर 'विली, घरी जा' असं लिहिलं आणि घराच्या पुढच्या कठड्याला टांगली. पोस्टमन रोज ती नव्याने वाचायचा आणि मान डोलवायचा.

आता लॉटीची दुसरी फळी. दर गुरुवारी सेंट कुनेगुंडा चर्चच्या तळघरात पाच बायका एका लांब टेबलाशी उभ्या राहून पिरोग्या करायच्या, शुक्रवारच्या विक्रीसाठी. पिरोगी दिसायला आपल्या करंजीसारखी, पण सारण बटाटा-चीजचं, आणि तळायची नाही, उकळत्या पाण्यात सोडायची. त्यामुळे सगळा जीव मुरडीत. मुरड घट्ट तर पिरोगी तरंगून वर येते, मुरड सैल तर सारण पाण्यात आणि पारी हातात. फुटलेली पिरोगी विकता येत नाही, टाकणं जिवावर येतं, म्हणून ती वर फादर सिरिल यांच्या जेवणाला जायची. यंदा फादरांना नवा झगा शिवून घ्यावा लागला होता, जुन्याची बटणं लागेनात. त्याबद्दल तळघरात कुणी ब्र काढत नसे.

टेबलाच्या डाव्या टोकाला लॉटी उभी राहायची. तिथेच तिची सासू उभी राहिली होती. त्या जागेवरून उतरली की बाईला कांद्याकडे, म्हणजे कांदे चिरायला पाठवत, मागच्या खोलीत, एकटीच खिडकीपाशी. आणि कांद्याकडे गेलेली बाई पुढच्या हिवाळ्यात घरीच बसते, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. लॉटीचा मुलगा दूर वाळवंटातल्या शहरात, तो नाताळला फोन करायचा. बाकी आठवडाभर ती भिंतींशी आणि क्रेबच्या पाठीशी बोलायची. गुरुवार गेला असता तर तिच्याजवळ काही उरलंच नसतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लॉटीच्या उजवीकडे हेडी. पलीकडच्या वस्तीतलं चर्च बंद पडलं तेव्हा ती इकडे आली, म्हणून अजूनही 'बाहेरची'. पिरोग्यांनी भरलेला ट्रे प्रत्येकीने उजवीकडे सरकवायचा, तो सगळ्यांपुढून जात जात शेवटी चुलीपाशी अपोलोनियाकडे पोचायचा. हेडीचा हात मंद. शिवाय तिला एक खोड होती: लॉटीचा ट्रे आला की "जरा पीठ भुरभुरवते हं" म्हणायची आणि त्याच्यावर वाकून बसायची. तोवर तिच्या स्वतःच्या पाऱ्या वाळून जायच्या.

"हेडी, तू म्हणजे अगदी विली आहेस बघ!" लॉटी म्हणायची. "आपलं सोडून भलतीकडे! म्हणूनच इतक्या फुटतायत."

हेडी हसायची आणि हातावरचं पीठ झटकायची.

त्या गुरुवारी आदल्या रविवारचा पराभव अजून ताजा होता. वाद तापला. अपोलोनिया म्हणाली की फळी काय असते ते लांबून बोलणं सोपं आहे, उभं राहून दाखवा. लॉटीने लाटणं खाली ठेवलं.

"दाखवते की! चला गं, उभ्या राहा. मी टोकाला, म्हणजे मी क्रेब. हेडी, तू विली, तुला काही वेगळं करायला नको. अपोलोनिया, तू क्वार्टरबॅक. चेंडू घे."

"चेंडू कुठाय?"

"तो कणकेचा गोळा घे. तसाही चेंडूकडे कोण बघतंय!"

तेवढ्यात चव बघायच्या निमित्ताने फादर सिरिल खाली आले. त्यांच्यामागून चर्चची झाडलोट करणारा झिग्मुंट आला.

"काय चाललंय?" फादर म्हणाले.

"फादर, तुम्ही समोरच्या टीमचे. क्वार्टरबॅकला आडवा करायचा."

"मी? धर्मगुरू माणूस मी, लॉटी." एवढं बोलून फादरांनी झग्याच्या बाह्या वर केल्यादेखील. "कुठल्या बाजूने येऊ?"

"माझ्या. आणि झिग्मुंट, तू हेडीच्या अंगावर."

"मला दमा आहे," झिग्मुंट म्हणाला.

"मग सावकाश ये."

केसांना जाळ्या लावलेल्या पाचपैकी चार बायका ओणव्या झाल्या, पाचवी कणकेचा गोळा पोटाशी धरून त्यांच्यामागे उभी राहिली. कुणीतरी क्वार्टरबॅकसारखं "हट्!" म्हणालं. फादर सिरिल सगळ्या हंगामाच्या पिरोग्या अंगावर घेऊन धावत आले. लॉटीने हात पुढे केले, पण फादर तिच्या बगलेतून असे निसटले की तिला फक्त धुपाचा वास आला. हेडीने ते पाहिलं. तिने झिग्मुंटला सोडलं, डावीकडे झेप घेतली आणि फादरांचा झगा दोन्ही हातांनी पकडला. फादर थांबले. झिग्मुंट मात्र मोकळाच राहिला. तो सावकाश, खोकत खोकत, मोकळ्या वाटेने चालत आला आणि अपोलोनियाच्या खांद्याला अगदी अदबीने बोट लावलं. ती दचकली, मागे सरली आणि कणकेच्या गोळ्यासकट बटाट्याच्या पातेल्यात बसली.

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. लॉटी तेवढी हसत नव्हती.

"बघितलंत? बघितलंत ना सगळ्यांनी? आपला माणूस सोडला! क्वार्टरबॅक बटाट्यात!"

"लॉटी," हेडी हळूच म्हणाली, "फादर तुझ्या बाजूने आले होते."

"मी धरणारच होते त्यांना!"

"हो," हेडी म्हणाली.

त्या 'हो'ने लॉटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तिथल्या तिथे फादरांकडे तक्रार गुदरली. ट्रे एकमेकांत मिसळतात म्हणून फुटलेल्या पिरोग्या कुणाच्या ते कळत नाही, कळलंच पाहिजे. पुढच्या गुरुवारी प्रत्येकीने आपापला ट्रे वेगळा ठेवायचा, अपोलोनियाने वेगवेगळा उकळायचा. जिच्या जास्त फुटतील ती कांद्याकडे.

"असली परीक्षा कशाला, लॉटी?" फादर म्हणाले. ते अस्वस्थ दिसत होते. "चाललंय ते बरं चाललंय."

"तुमचं चाललंय," लॉटी म्हणाली, "झगा सांगतोय ना." फादरांनी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या.

रविवारी लॉटी टीव्हीसमोर बसली ती पुरावा गोळा करायला. आज क्रेबकडेही बघायचं नाही, असं तिने ठरवलं. नुसता विली बघायचा. त्याची एकेक चूक टिपून ठेवायची आणि गुरुवारी हेडीच्या तोंडावर फेकायची.

पहिला डाव. विली ओणवा झाला. चेंडू निघायच्या आधी त्याने मान किंचित डावीकडे वळवली आणि खाली बघितलं. दुसऱ्या डावाला तेच. तिसऱ्याला तेच. हा दर वेळी खाली काय बघतो? लॉटी खुर्ची सोडून पडद्यापाशी गेली. विली क्रेबच्या गुडघ्यांकडे बघत होता. क्रेबचा डावा पाय मागे फरफटला की विली एका हाताने आपला माणूस रेटायचा आणि दुसरा हात क्रेबच्या माणसाच्या छातीत घालायचा. क्रेब उभा राहायचा. क्वार्टरबॅक वाचायचा. कधी कधी मात्र दोन्ही जमायचं नाही. मग विलीचा स्वतःचा माणूस आत घुसायचा, क्वार्टरबॅक आडवा व्हायचा आणि समालोचक ओरडायचा, "पुन्हा टाउफा!" आणि विली हात वर करायचा, चूक माझीच म्हणून.

लॉटीने टीव्ही बंद केला. सामना अर्ध्यावर होता. असं या घरात कधी झालं नव्हतं. लगेच फोन वाजला.

"लॉटी, मेलीस का काय?" अपोलोनिया विचारत होती. "तुझा टीव्ही ऐकू येईना."

"जिवंत आहे," लॉटी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. कणीक मळली, बटाटा उकडला, पारी लाटली, सारण भरलं आणि नेहमीसारखी मुरड घातली. नेहमीसारखी, म्हणजे तिला वाटायची तशी. पाणी उकळल्यावर एकेक सोडली. पहिली उकलली. दुसरी उकलली. शेवटी पातेल्यात नुसती बटाट्याची पेज झाली आणि वर रिकाम्या पाऱ्या तरंगायला लागल्या. लॉटी उजव्या अंगठ्याकडे बघत राहिली; त्यात जोरच उरला नव्हता. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं घट्ट बसवतात म्हणून ती वर्षभर दुकानदाराला शिव्या देत होती, तेही तिला आता आठवलं. आणि 'जरा पीठ भुरभुरवते हं' आठवलं. ट्रेवर वाकलेली हेडीची पाठ आठवली. पीठ भुरभुरवायला कुणाला एवढा वेळ लागतो?

तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, खरं सांगायचं तर. कांद्याची ती खोली, ती खिडकी. गप्प राहिलं तर? परीक्षेच्या दिवशीही हेडी पीठ भुरभुरवेलच. तिचा स्वभावच तसा होता. तिच्या स्वतःच्या फुटतील, ती हात वर करेल आणि गुपचूप कांद्याकडे जाईल. लॉटीने नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं. तीन दिवस तिने तेच करायचं ठरवलं, आणि तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी ती तळघरात आली तेव्हा काखेत एक घडी होती. पिरोग्या ठेवायला ट्रेमध्ये प्रत्येक बाई आपापलं कापड घालत होती. लॉटीने घडी उलगडली. कठड्यावरची चादर होती ती, धुतलेली, इस्त्री केलेली. रंग काही निघाला नव्हता. 'विली, घरी जा' नुसतं फिकट गुलाबी झालं होतं.

"हे काय गं?" अपोलोनियाने विचारलं.

"कापड आहे. चांगलं सुती आहे," लॉटी म्हणाली आणि त्यावर पीठ शिंपडलं.

पाचही जणी कामाला लागल्या. फुटबॉलचं नाव कुणी काढलं नाही. फादर सिरिल जिन्याच्या खालच्या पायरीवर हात जोडून बसले होते. कशासाठी प्रार्थना करत होते देव जाणे. लॉटीचा ट्रे भरला. सवयीने हेडीचा हात आला.

"जरा पीठ भुरभुर…"

लॉटीने तिचं मनगट धरलं. "आज नको."

"लॉटी, अगं पाणी उकळतंय."

"उकळू दे."

"मला द्यायला काय जातंय तुझं? एक मिनिट लागेल."

"हेडी, हात काढ," लॉटी म्हणाली. "समोरून येतो तो माझा माणूस आहे."

तिने स्वतः ट्रे उचलला, सगळ्यांपुढून चालत चुलीपाशी गेली आणि एकेक पिरोगी पाण्यात सोडली. मग आपल्या जागेवर परत न जाता तिथेच उभी राहिली. पातेल्यातलं पाणी पांढरं झालं. अपोलोनियाने झारा घातला, वर काढला, आणि झाऱ्यात जे आलं ते बघून तोंड फिरवलं.

"माझ्या आहेत," लॉटी मोठ्याने म्हणाली. "हेडीच्या नाहीत. यंदाच्या सगळ्या माझ्याच होत्या. तिने वाचवल्या तेवढ्या वाचल्या."

कुणी दचकलं नाही. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"माहीत होतं तुम्हाला?"

"अगं, माझ्याच झाऱ्यात येतात ना," अपोलोनिया म्हणाली. "तुझ्या बोटांची खूण मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तू बोलू दिलंस कधी? तू त्या विलीच्या मागे!"

लॉटीने फादरांकडे बघितलं. फादर सिरिल पायरीवरच जरा अंग चोरून बसले. "मी तक्रार केली नव्हती, लॉटी," ते म्हणाले. "कधीच केली नसती. चवीला उत्तम होत्या."

लॉटीने ॲप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली, नाक पुसलं आणि मागच्या खोलीकडे निघाली. कांदे तिथे ढिगाने पडलेले होते.

"कुठे निघालीस?" हेडी म्हणाली.

"ठरलंय ते ठरलंय."

"आणि माझ्या डावीकडे कोण उभं राहणार? झिग्मुंट?" हेडीला इतक्या मोठ्याने बोलताना तळघराने पहिल्यांदाच ऐकलं. "मला तिथे कुणीतरी कटकट करणारं लागतं. नाहीतर माझा हात चालत नाही. तू सारण ठेव, मी मुरड घालते. ये इकडे!"

"दोघी मिळून एक? ते कुठल्या नियमात बसतं?"

"बसतं," फादर म्हणाले आणि उसासा टाकला. त्यांना पुढच्या आठवड्यांची जेवणं दिसायला लागली असावीत.

तेव्हापासून डाव्या टोकाला तसंच चालतं. लॉटी सारणाचा गोळा ठेवते, पारी दुमडते आणि हेडीकडे देते. हेडी मुरड घालते. तोंड लॉटीचं चालतं. पिरोग्या फुटत नाहीत. फक्त दर ट्रेमधली एक लॉटी आपल्याजवळ ठेवून घेते, दोन्ही अंगठे लावून, दात ओठ खाऊन स्वतः मिटते. ती हमखास फुटते आणि फादरांच्या ताटात जाते. हेडी त्या एकीला हात लावत नाही.

त्या रविवारी स्टर्जन्स हरले. पुढच्याही रविवारी हरले. टीव्ही पुन्हा रस्त्यापलीकडे ऐकू यायला लागला. क्रेब डाव्या टोकाला उभा होता आणि विली त्याच्या गुडघ्यांकडे बघत होता. सामना संपल्यावर अपोलोनियाचा फोन आला.

"लॉटी, आज इतक्यांदा आडवा झाला गं पोरगा! खोट कुणाची म्हणायची?"

लॉटीने जरा विचार केला. अंगठा चोळला.

"कुणाची नाही," ती म्हणाली. "समोरचे मेले फार जोरात येतात."